वापरात नसलेला संगणक : बंद करावा की चालू ठेवावा?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘संगणक वापरून झाला की बंद करावा, की तसाच चालू राहू द्यावा?’ हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटतो. महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख लिहावा इतके त्यात काय आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या वर्षभरात हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला, त्या प्रत्येकाने मला ठाम उत्तर दिले आणि एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळले नाही. कोणी म्हणाले, ‘चालू करतानाच खरी वीज जाते, म्हणून बंद करू नये.’ कोणी म्हणाले, ‘सारखे चालू-बंद केले की यंत्र लवकर खराब होते.’ तर कोणी म्हणाले, ‘उठताना बटण दाबायचेच, त्यात विचार कसला?’ मते इतकी ठाम आणि तरीही इतकी परस्परविरुद्ध असतील, तर ती मुळात आली कोठून, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. यंत्रशास्त्रातला अधिकार माझा नाही. पण खर्च आणि लाभ यांचा हिशेब मांडायला अर्थशास्त्राच्या वर्गात आपण शिकतो, आणि हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे. शिवाय तो आमच्या घरातला आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मी अकरावीत असताना वडिलांनी एक वापरलेला संगणक विकत घेऊन दिला. त्यावर माझा आणि धाकट्या भावाचा अभ्यास होतो. शेजारपाजारच्या लोकांचे शिष्यवृत्तीचे आणि दाखल्यांचे अर्जही मी त्यावरच भरून देते आणि त्यातून पुस्तकांचा खर्च निघतो. तेव्हा या यंत्राचे आयुष्य आणि त्याचे वीजबिल या दोन्ही गोष्टी आमच्या दृष्टीने सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

चालू ठेवण्याचा नियम कोठून आला?

माझे वडील पिठाच्या गिरणीत कामाला आहेत. ‘मशीन सारखं बंद-चालू करायचं नाही,’ हा त्यांचा नियम. त्यामुळे आमचा संगणक सकाळी सातला चालू झाला की रात्री अकरालाच बंद होई. वडील शाळेत चौथीपर्यंतच गेले असले, तरी त्यांचा हा नियम अडाणीपणाचा नाही. तो त्यांच्या अनुभवातून आलेला आहे आणि गिरणीच्या बाबतीत तो खराही आहे. विजेची मोटर स्थिर असते तेव्हा ती फिरवण्यासाठी सुरुवातीला फार मोठा प्रवाह लागतो. गिरणीत किंवा विहिरीवरच्या पंपाला असते तशी मोटर सरळ चालू केली, तर हा प्रवाह नेहमीच्या पूर्ण भाराच्या पाच ते सात पट असतो. त्याने मोटरीतील तारांची वेटोळी तापतात, पट्ट्याला हिसका बसतो. वरचेवर असे केल्यास मोटर जळू शकते. म्हणून तर तिला स्टार्टर बसवावा लागतो.

ट्यूबलाइटचेही तसेच. जुन्या ट्यूबच्या टोकांना असलेला लेप दर वेळी पेटताना थोडा थोडा झिजत असे. त्यामुळे सारख्या चालू-बंद होणाऱ्या ट्यूबचे आयुष्य कमी होई. घरोघरी मुलांना ‘ट्यूबशी खेळू नका’ असे सांगितले जाई, त्यात तथ्य होते.

खुद्द संगणकाच्या इतिहासातही या नियमाला आधार सापडतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात तयार झालेला ‘एनियाक’ हा संगणक १९४६ साली जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. आपल्या आजोबांच्या रेडिओत असत ते व्हॉल्व्ह म्हणजेच या नळ्या. हे यंत्र सुमारे १५० किलोवॉट वीज घेई. त्याच्या नळ्या जळत त्या बहुधा यंत्र तापताना किंवा थंड होताना. म्हणून त्याच्या तंत्रज्ञांनी ते शक्यतो बंदच न करण्याचे धोरण ठेवले. त्या यंत्रापुरता तो निर्णय अगदी योग्य होता.

परंतु डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे संगणकातून या नळ्या हद्दपार झाल्या. आजच्या संगणकात तापवावी लागणारी तार नाही, गिरणीसारखी अवजड मोटर नाही. तापणे-निवणे यामुळे आतील सांध्यांवर थोडा ताण येतो हे खरे. पण दिवसातून एक-दोनदा चालू-बंद होणे हे या यंत्रांच्या रचनेत गृहीतच धरलेले असते.

राहता राहिली हार्ड डिस्क. जुन्या संगणकात माहिती साठवणारी चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते. ती थांबताना आणि सुरू होताना तिच्यावर ताण येतो. तरीही डेस्कटॉपच्या पुष्कळशा चकत्यांसाठी ५०,००० वेळा चालू-बंद होण्याची मर्यादा उत्पादकांनी छापलेली आढळते. दिवसातून दोनदा म्हटले तर वर्षाचे ७३० वेळा होतात. म्हणजे ही मर्यादा गाठायला ६८ वर्षे लागतील! तोपर्यंत चकती दुसऱ्याच कोणत्या तरी कारणाने निकामी झालेली असेल. नव्या संगणकांत तर एस.एस.डी. असते, तिच्यात फिरणारा भागच नसतो.

या संदर्भात गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक चकत्यांची पाहणी केली. दोन वर्षांपर्यंतच्या चकत्यांत चालू-बंद होण्याचा आणि बिघाडाचा लक्षणीय संबंध आढळला नाही. तीन वर्षांहून जुन्या चकत्यांत मात्र थोडा संबंध दिसला. पण त्यावर संशोधकांनी जे म्हटले आहे ते कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे असे आहे. ज्या यंत्रात आधीच दोष असतो ते दुरुस्तीसाठी पुनःपुन्हा बंद करावे लागते. तेव्हा वारंवार बंद होणे हे बिघाडाचे कारण नसून परिणामही असू शकेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे तत्त्व आपल्याला सामाजिक शास्त्रांतही पदोपदी उपयोगी पडते.

उलट चालू राहण्यानेही यंत्र झिजतेच, हे आपण विसरतो. पंखा फिरत राहतो, त्याबरोबर धूळ आत ओढली जाते, आणि उष्णतेने आतील काही भाग हळूहळू निकामी होत जातात. झीज दोन्हीकडे आहे. म्हणून निर्णय अखेर खर्चावर येऊन ठेपतो.

खर्चाचा हिशेब

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३,२०० आहे. एका दुपारी घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून मी फक्त संगणक चालू ठेवला, त्यावर कोणतेही काम केले नाही, आणि भावाला घड्याळ धरून बसवले. पंधरा मिनिटांत दिवा ६४ वेळा लुकलुकला. म्हणजे पाव तासात एका युनिटाचा पन्नासावा भाग. त्यावरून नुसता बसलेला आमचा संगणक पडद्यासकट ८० वॉट घेतो असे निघाले. केवळ पडदा बंद केला तर पंधरा मिनिटांत ४५ वेळा. म्हणजे सुमारे ५६ वॉट.

आता महिन्याचे पाहू. आमचा संगणक रोज सोळा तास चालू असे. पैकी प्रत्यक्ष काम पाच तासांचे. उरलेले अकरा तास तो कोणासाठीच चालत नव्हता. ८० वॉटने अकरा तास म्हणजे रोज ०.८८ युनिट, आणि तीस दिवसांचे २६ युनिटांहून थोडे जास्त. आमच्या घराचे बिल ११८ युनिटांचे आले होते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा एक टप्पा असतो आणि त्यापुढच्या युनिटांना बराच चढा दर लागतो. या २६ युनिटांनीच आम्ही तो टप्पा ओलांडत होतो. ते वगळले तर आमचे बिल ९२ युनिटांवर येते. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून आणला जातो, त्या घराला हा फरक लहान नाही. ज्या घरात वातानुकूलन यंत्र आहे तेथे तो कदाचित कळणारही नाही. पण अशा घरांच्या सोयीचे नियम आपण आपल्या घरी आणू नयेत. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

आणि ‘चालू करताना जास्त वीज जाते’ या म्हणण्याचे काय? आमचा जुना संगणक पूर्ण सुरू व्हायला तीन मिनिटे घेतो. त्या वेळी तो १०० वॉट घेतो असे धरले तरी एकूण पाच वॉट-तास होतात. तेवढीच वीज तो नुसता बसून चार मिनिटांत संपवतो. म्हणजे निव्वळ विजेच्या दृष्टीने पाहिले, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ काम नसेल तेव्हा बंद करणेच स्वस्त. मोटर सुरू होताना प्रवाह जास्त असतो, पण तो काही सेकंदच असतो. आणि बिल येते ते प्रवाह किती वेळ वाहिला यावर. हा काळाचा मुद्दाच सर्वसाधारणपणे सुटून जातो.

हा हिशेब मी वहीत मांडून वडिलांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. वर्षाचे ३१७ युनिट होतात, आणि औष्णिक केंद्रात एका युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे वर्षाला सुमारे दोन क्विंटल कोळसा, हेही सांगितले. ‘क्विंटल’ हा शब्द त्यांच्या रोजच्या कामातला. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘दळण नसलं तर आम्ही तरी जातं रिकामं कुठं फिरवतो? दगडाला दगड लागून तासच जातात.’ माझ्या सगळ्या आकडेमोडीचे सार त्या एका वाक्यात होते. नियम त्यांच्याजवळ दोन होते. संगणकाला त्यांतला कोणता लावायचा एवढाच प्रश्न होता.

‘बंद’ म्हणजे नक्की काय?

आता कोणी म्हणेल, दर पाच मिनिटांनी संगणक बंद करत बसलो तर अभ्यास कधी करायचा? ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. संगणक एक तर चालू असतो नाहीतर बंद, ही समजूतच अपुरी आहे. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी वीज-व्यवस्थापनाची एक सामाईक पद्धत ठरवली. त्यात संगणकाच्या निरनिराळ्या अवस्था सांगितल्या आहेत. त्यांतील तीन आपल्या कामाच्या आहेत.

पहिली अवस्था ‘स्लीप’, म्हणजे झोप. संगणकाची तात्पुरती स्मृती वीज गेली की पुसली जाते. त्या स्मृतीपुरती वीज चालू ठेवून बाकी जवळजवळ सर्व भाग झोपवले जातात. डेस्कटॉपला या अवस्थेत साधारणपणे एक ते चार वॉट पुरतात. इतका कमी भार घरगुती मीटर नीट नोंदवतही नाही. कळ दाबली की काही क्षणांत आपले काम होते तसे समोर येते.

दुसरी अवस्था ‘हायबरनेट’. यात स्मृतीतील सर्व मजकूर चकतीवर उतरवून ठेवतात आणि मग यंत्र बंद होते. जागे व्हायला थोडा वेळ लागतो, पण मध्ये वीज गेली तरी काम शाबूत राहते. आपल्या तालुक्याच्या गावांत विजेचा भरवसा नसतो, तेथे हा फरक फार मोलाचा आहे. झोपेत असलेल्या डेस्कटॉपची वीज गेली तर न जतन केलेला मजकूर जातो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने हा धोका कमी.

तिसरी अवस्था पूर्ण बंद. यातही भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक अगदी किंचित वीज घेत राहतो. युरोपीय संघाने अशा उपकरणांच्या बंद अवस्थेसाठी २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. एका घराला हे नगण्य. पण थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने कोट्यवधी घरांचे मिळून ते मोठे होते. संगणक पूर्ण बंद झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद केले तर काही बिघडत नाही. आतील घड्याळ नाण्याएवढ्या बॅटरीवर चालू राहते. मात्र संगणक चालू असताना एकदम भिंतीवरचे बटण बंद करणे चूक. त्याने चकतीवर लिहिला जात असलेला मजकूर अर्धवट राहू शकतो.

येथे आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर संगणक स्वतःचा गाभा चकतीवर जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होतो. त्यामुळे एखादा बिघाड दूर करण्यासाठी यंत्र नव्याने सुरू करायचे असेल तर ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा.

पडद्यावर हलणारी चित्रे, म्हणजे स्क्रीन सेव्हर, यांबद्दलही एक गैरसमज आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी ही चित्रे आली. त्यांनी वीज वाचत नाही. पडदा बंद होणे हीच बचत.

दुसरी बाजू

संगणक चालू ठेवण्याची सबळ कारणे नसतातच असे नाही. १९९९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपले रिकामे संगणक आकाशातून येणारे रेडिओसंकेत तपासण्यासाठी दिले. मार्च २०२० पर्यंत हे काम चालले. अशा वेळी संगणक रिकामा नसतोच. मालक उठून गेला तरी तो काम करत असतो. प्रश्न कळ चालू आहे की बंद, हा नाही. काम आहे की नाही, हा आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. बंद संगणकावर जाळ्यामार्फत हल्ला होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण नेहमी घाईने बंद केला जाणारा संगणक सुधारणा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने अनेक देशांतील संगणक ठप्प केले. ब्रिटनच्या रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. ज्या दोषातून ती शिरली त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता; तो न बसवलेले संगणक सापडले. म्हणून आठवड्यातून एकदा तरी संगणकाला सुधारणा घेण्यासाठी निवांत वेळ द्यावा आणि मग बंद करावा.

शेवटी आपल्याकडच्या वळवाच्या पावसाचा विचार केला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येते, कडकडाट होतो, वीज येते-जाते. जवळपास वीज पडल्यास तारांतून येणारा दाब लहानसे बटण ओलांडूनही आत शिरू शकतो. अशा वेळी स्लीप, हायबरनेट असा विचार न करता संगणक रीतसर बंद करून प्लगच काढावा, आणि इंटरनेटची तार जोडलेली असेल तर तीही काढावी. मात्र हे आभाळ गडगडू लागण्यापूर्वी करावे. वीज कडाडत असताना तारांना हात लावू नये.

समारोप

वरील विवेचनावरून काही साधे नियम सांगता येतील. चहा घेण्यापुरते उठायचे असेल तर पडदा बंद करावा. तास-दोन तासांसाठी उठायचे असेल तर काम जतन करून संगणक झोपवावा. विजेचा भरवसा नसेल तर हायबरनेट करावा. रात्रीसाठी किंवा गावाला जाताना तो पूर्ण बंद करून मग भिंतीवरचे बटण बंद करावे. वादळात प्लग काढावा. आणि आठवड्यातून एकदा सुधारणा व रीस्टार्ट यांसाठी वेळ ठेवावा. पहिल्या दोन गोष्टी आपोआप घडाव्यात अशी सोय प्रत्येक संगणकाच्या वीजविषयक मांडणीत असते. ती एकदा करून ठेवली की रोज लक्षात ठेवावे लागत नाही.

परंतु नियमांपेक्षा मला या अभ्यासातून जे मिळाले ते वेगळे आहे. चालू ठेवण्याचा प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या बाबतीत खरा होता: मोटरीच्या, ट्यूबच्या, एनियाकच्या, जुन्या पडद्याच्या. यंत्र बदलले, नियम मात्र लोकांच्या तोंडी राहिला. म्हणून मोठ्यांचा अनुभव खोटा ठरवण्याची घाई न करता तो कोणत्या यंत्राचा अनुभव आहे, हे आपण विचारावे. आमच्या मीटरवरचा लाल दिवा मोजायला कोणतीही पदवी लागली नाही. एक घड्याळ, एक वही आणि एक रिकामी दुपार पुरली. माझ्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरी हा प्रयोग करून पाहावा आणि आकडे वेगळे आले तर मला अवश्य सांगावेत. चर्चेला त्याहून चांगली सुरुवात नाही.